हलायचं नाही

"नाव?"

"जगदाळे."

"किती जण?"

सुहास जगदाळ्यांनी मुलांकडं बघितलं, आपल्या सासूबाईंकडं बघितलं, आणि शेवटी माझ्याकडं बघून मान खाली घातली. साधा आकडा, पण त्यांच्या तोंडातून फुटेना. तेव्हा मागून सासूबाईच बोलल्या, "पाच लिवा. पाच."

वहीवाल्यानं पाच लिहिलं आणि पेन कानावर ठेवलं. "तास तरी लागंल. बसा सावलीला, नाव पुकारतो."

"पण आपण तर चार आहोत," गार्गी म्हणाली. ती पाच वर्षांची होती. तिनं बोटं मोजून दाखवली. बाबा, आक्का, दादा, मी. पाचवं बोट काही तिनं उघडलं नाही. तिच्या नऊ वर्षांच्या भावानं, हर्षदनं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि तिचा हात धरून तिला पलीकडं नेलं.

दोन हजार तीन साल, एप्रिलचा रविवार, दुपारचा एक. कोल्हापूरच्या वेशीबाहेरचं, मटणाच्या ताटासाठी नावाजलेलं एक हॉटेल. पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक कडुनिंब, आणि आत जागा मिळायची वाट बघणारी साठ-सत्तर माणसं. मी मिरजेहून एसटीनं एकटीच आले होते. चौतीस वर्षांची होते. वडिलांच्या आजारपणात माझं लग्नाचं वय निघून गेलं, आणि ते गेल्यावर भावाला एकदम माझी काळजी वाटायला लागली. एका दवाखान्यात मी एक्स-रे काढायचं काम करत होते. माझं कुठं काही अडलं नव्हतं. फक्त संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरताना, आपण आलो हे कुणाला तरी कळावं, एवढं मात्र अलीकडं फार वाटायला लागलं होतं.

सुहास आयटीआयमध्ये शिकवायचे. त्यांची बायको, वैजयंता, जाऊन दोन वर्षं झालेली. भावाच्या घरी आम्ही एकदा भेटलो होतो आणि माणूस मला आवडला होता. कमी बोलायचे, पण बोलले ते खरं बोलले. तरी मी भावाला स्पष्ट सांगितलं होतं, "मला नवऱ्याची भीती नाही, मुलांची आहे. एकदा मुलांना भेटते. त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही, तर मी पुढं जायची नाही. नको असलेली बाई म्हणून कुणाच्या घरात राहायचं मला जमणार नाही. रविवारी संध्याकाळी काय ते कळवते." भाऊ म्हणाला, तू म्हणजे हट्टीच आहेस. आहेच मी.

मुलांबरोबर त्यांची आजीही येणार, हे कळलं तेव्हाच माझं निम्मं अवसान गळालं होतं. वैजयंताची आई ती. आपल्या एकुलत्या एका लेकीच्या जागी येणारी बाई बघायला ती कुठल्या मनानं येणार? इंदुमतीबाई घोरपडे त्यांचं नाव, पण लहानथोर सगळे आक्काच म्हणायचे. साठी ओलांडलेल्या, काटक, पाठीत ताठ. लेक गेली त्या दिवसापासून जावयाच्या घरी राहून पोरांचं सगळं त्याच करत होत्या. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "असू दे, असू दे. ऊन लागलं काय येताना?" बस, एवढंच. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

आम्ही कडुनिंबाखाली खुर्च्या ओढल्या. पाचच मिनिटांत सुहास उठले. "नंबर कुठवर आलाय बघून येतो," म्हणाले, ते जाऊन त्या वहीवाल्याशेजारी उभेच राहिले. अवघड ठिकाणाहून उठायला पुरुषांना बरं काही तरी काम सापडतं.

राहिलो आम्ही चौघं. मी पिशवीतून दोन रंगपेट्या काढल्या. गार्गीनं घेतली, उघडली, आतले खडू मोजले. हर्षद म्हणाला, "माझ्याकडं आहे." आणि ती पेटी त्यानं अलगद माझ्याच खुर्चीच्या कडेला ठेवून दिली. इतका सभ्य नकार मला मोठ्या माणसांनीही कधी दिला नव्हता.

"आक्का, उतरणार किती खेळू या," गार्गी म्हणाली.

"खेळा की."

"तू मोज ना मग."

आक्कांनी कापडी पिशवी चाचपली, मांडी चाचपली. "चष्मा विसरलो बघ आज मी." त्या बाजूच्या बायका बोलतात तशा त्या आलो, गेलो, विसरलो असंच बोलायच्या. "मला कुठलं दिसतंय गेटापतूर? मावशी मोजंल."

"मग नको खेळायला," हर्षद म्हणाला.

"का रे?"

"त्यांना येत नाही."

"येत नसंल तर शिकीव," आक्का म्हणाल्या आणि पदरानं वारा घेत बसल्या.

त्यानं शिकवलं. माझ्याकडं न बघता, फाटकाकडं तोंड करून, एका दमात. गाडी आत आली की दारं उघडायच्या आत प्रत्येकानं सांगायचं, उतरणार किती. मग मोजायचं. ज्याचा आकडा जवळचा, त्याला एक गुण. कडेवरचं मूल अर्धं. पंच सांगेल ते मान्य करायचं. नेहमीची पंच आक्का. कुठंही ताटकळत बसायची वेळ आली की त्यांचा हा खेळ सुरू व्हायचा, मग ते स्टँड असो नाहीतर लग्नाचा मांडव.

पहिलीच जीप आली. हर्षद म्हणाला, "सात." गार्गी म्हणाली, "शंभर." जीपमधनं माणसं उतरतायत, उतरतायत, संपेचनात. शेवटी मागच्या दारानं एक सून बाळाला घेऊन उतरली. "साडेअकरा," मी म्हणाले. बाळाचे अर्धे मी विसरले नाही, हे बघून हर्षदनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं, चला, जमलं.

पुढच्या चार-पाच गाड्या हर्षदनंच जिंकल्या. गार्गीचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. मग एक लाल मारुती आली. हर्षद चार म्हणाला, गार्गी पाच म्हणाली. उतरली चौघं मोठी, आणि त्यातल्या एकाच्या खांद्यावर झोपलेलं पोरगं. मी गार्गीच्या ओठाकडं बघितलं आणि म्हणाले, "पाच. गार्गी जिंकली."

"साडेचार," हर्षद म्हणाला. "ते खांद्यावर होतं."

"अरे, तीन वर्षांचं तरी असेल ते. चांगलं मोठं होतं."

"झोपलेलं होतं. पायावर उभं नव्हतं. आक्का, सांग तू."

"मला कुठं दिसलं?" आक्का म्हणाल्या.

"तुम्ही खोटं मोजलं," हर्षद मला म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "ती लहान आहे म्हणून तिला दिलं." आणि तो उठून दूरच्या खुर्चीवर जाऊन बसला.

त्याचं शंभर टक्के खरं होतं, म्हणून मला जास्तच लागलं. पोराला खूश करायला नव्हे, पोरीला खूश करायला मी खोटं बोलले, आणि हाती काय आलं? गार्गीलाही जिंकल्याचा आनंद झाला नाही. तिला आता भूक लागली होती. आतून रश्श्याचा वास येत होता, भोंग्यावर दुसऱ्यांचीच नावं पुकारली जात होती. अर्धा तास होऊन गेला होता आणि वहीवाला म्हणत होता अजून अर्धा. तिनं रंगीत खडू मातीत फेकले आणि गळा काढला.

मी आक्कांकडं बघितलं. त्या कापडी पिशवीत बिस्किटाचा पुडा असणार, हे मी पैजेवर सांगितलं असतं. दोन वर्षं दोन पोरं सांभाळणारी बाई रिकाम्या पिशवीनं घराबाहेर पडत नाही. पण आक्का डोळे मिटून बसल्या होत्या. नात रडतेय, नातू रुसलाय, आणि या खुशाल वारा घेतायत. तेव्हा मात्र मला राग आला. मनात म्हटलं, कळलं हो बाई. तुम्हाला मी नकोच आहे, आणि ते पोरांकडून वदवून घ्यायला तुम्ही मला इथं आणून बसवलंय. अडीचची मिरज गाडी मला मिळण्यासारखी होती. भावाला काय सांगायचं तेही ठरलं.

पण समोर पोर रडत होतं. आणि रडणारं पोर समोर आलं की माझ्या तोंडून एक ठरावीक आवाज निघतो. नोकरीनंच दिलेला आहे तो. रोज किती पोरं माझ्यासमोर त्या गार टेबलावर हातपाय झाडतात. त्यांना बाळा-सोन्या करून उपयोग नसतो. त्यांना काम द्यावं लागतं.

"गार्गी जगदाळे कोण आहे इथं?" मी मोठ्यानं म्हणाले. "चला, लवकर. तुमचा नंबर आला."

ती रडता रडता थांबली. "जेवायला?"

"पोटाचा फोटो काढायला. एवढं का रडतंय ते आत बघायला नको? या इकडं, भिंतीपाशी."

हॉटेलच्या बाजूची भिंत चुन्यानं पांढरी केलेली होती. मी तिला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. "हनुवटी वर. हात कमरेवर. श्वास घ्या. रोखा. हलायचं नाही, हलायचं नाही, हलायचं नाही. सोडा." तोंडानंच मशीनचा टक्क आवाज काढला, हवेतली फिल्म हवेतच उजेडाकडं धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय आहे?" तिनं विचारलं.

"मांजर बसलंय आत. रिकामी वाटी पुढ्यात घेऊन."

"कसलं?"

"पांढरं. एक कान काळा आहे."

"ओरडतंय?"

"नाही. रुसलंय. त्याला सांग, वीस मिनिटं कळ काढ, भात येतोय."

तिनं खरंच पोटाला सांगितलं. तोवर शेजारच्या खुर्चीवरची दोन पोरं येऊन उभी राहिली. मग अजून एक. बघता बघता भिंतीपाशी रांग लागली. एकाच्या पोटात मी ट्रॅक्टर दाखवला, डिझेल संपलेला. एकीच्या पोटात तिचीच आत्या दाखवली, कारण ती आत्या शेजारीच बसून सगळ्यांवर डाफरत होती. रांगेतली पोरं हसायला लागली, आया हसायला लागल्या, आणि गार्गी माझी मदतनीस झाली. "हलायचं नाही," ती कमरेवर हात ठेवून सगळ्यांना दटावत होती.

आणि मग रांगेच्या शेवटी मला हर्षद दिसला.

मी मुद्दाम त्याच्याकडं बघितलं नाही. त्याचा नंबर आला तसा तो पुढं आला, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. हनुवटी वर घेतली. हात कमरेवर ठेवले आणि दोन्ही कोपरं, खांदे पुढं ढकलून भिंतीला टेकवले. बरोबर तसंच असतं ते. खांदे पुढं घेतल्याशिवाय छाती स्वच्छ दिसत नाही. पण मी हे कुठल्याच पोराला सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं काम केलेल्या बाईला तिथंच समजायला हवं होतं. पण मी आपली हुरळलेली.

"अरे वा. तुला तर सगळं येतं."

"आईचा काढताना बघितलं होतं," तो भिंतीला म्हणाला.

वैजयंता आजारानं गेली एवढं मला माहीत होतं. कुठला आजार, काय झालं, हे विचारायला अवघड वाटलं, म्हणून मी विचारलंच नव्हतं. आणि आता मी तिच्या लेकाला भिंतीला उभं केलं होतं.

हर्षद वळला. "तुम्ही खरंच फोटो काढता? दवाखान्यात?"

इथं खोटं बोलायची सोय नव्हती. एक खोटं आधीच अंगाशी आलं होतं.

"हो. माझी नोकरीच ती आहे."

"तिथल्या बाईपण असंच म्हणाल्या. हलायचं नाही. आई हलली नाही. मी काचेतनं बघत होतो, जरापण हलली नाही." तो एकेक शब्द नीट ठेवत बोलत होता. "मग तिला तिथंच ठेवून घेतलं. काय दिसलं होतं त्यात?"

"मला माहीत नाही रे. मी तो फोटो बघितला नाही."

"बाबापण सांगत नाहीत."

गार्गी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. रांगेतली बाकीची पोरं आपापल्या आयांकडं सरकली. त्या पोराला जवळ घ्यायचा मला काय हक्क होता? मी तशीच हात खाली सोडून उभी राहिले. संपलं, असं मला वाटलं. वाईट वाटलं ते माझं लग्न मोडलं म्हणून नव्हे. त्याची दोन वर्षांची खपली मी खेळता खेळता काढली म्हणून.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आक्का उठल्या होत्या. त्या चालत आल्या, हर्षदच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला हलकेच बाजूला केलं.

"सर जरा. आता माझा नंबर," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "काढ माझा. छातीचा काढ."

"आक्का, नको," मी म्हणाले.

"काढ म्हणतो न्हवं?"

आणि ती बाई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. जिच्या लेकीला असंच एक्स-रेच्या पाटीसमोर उभं केलं आणि मग जिची लेक घरी आली नाही, ती बाई. हनुवटी वर केली. नातवानं केलं तसंच, खांदे पुढं घेतले. तेव्हा मला कळलं, त्या दिवशी काचेमागं तो एकटा नव्हता.

"हात," हर्षद हळूच म्हणाला. "आक्का, हात कमरेवर."

त्यांनी हात कमरेवर ठेवले. पदर वर सरकला. आणि डाव्या बाजूला, निऱ्यांच्या वर, कमरेला खोचलेला चष्मा मला दिसला. काळी काडी, तिला बांधलेला दोरा. अगदी हाताशी होता. विसरलेला नव्हता की हरवलेला नव्हता.

एका क्षणात मला गेला सगळा तास उलटा दिसला. "मावशी मोजंल" दिसलं. "मला कुठं दिसलं" दिसलं. रडणाऱ्या नातीसमोर मिटून घेतलेले ते डोळे दिसले. पोरांचा हात दोन वर्षं या बाईनं धरला होता, आणि ती तो सोडवून घेत होती. सोडवला नसता तर ती पोरं माझ्याकडं वळली असती कशाला? मी तिच्यावर काय काय आळ घेऊन बसले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या ताठ पाठीकडं बघून डोळे भरून आले.

हर्षद माझ्या बाजूलाच होता. अजून एक पाऊल पुढं आला असता तर त्याला चष्मा दिसला असता, आणि खोटं त्याला अजिबात चालत नव्हतं. मी पुढं झाले, दवाखान्यात म्हाताऱ्या बायकांचा करते तसा आक्कांचा पदर नीट केला, कमरेवर घट्ट ओढून घेतला. माझा हात चष्म्याला लागला. आक्का हलल्या नाहीत.

"श्वास घ्या," मी म्हणाले. "रोखा. हलायचं नाही. सोडा."

मी हवेतली फिल्म उजेडाकडं धरली.

"काय दिसतंय?" हर्षदनं विचारलं. या वेळी तो माझ्याकडंच बघत होता.

त्याला मांजर सांगून चालणार नव्हतं. ट्रॅक्टरही नाही. मी बराच वेळ त्या मोकळ्या हवेकडं बघितलं. मग दवाखान्यात दिवसातून दोनदा तरी ज्या वाक्यानं मी लोकांच्या शिव्या खाते, ते वाक्य माझ्या तोंडात आलं.

"नीट आला नाही. हलल्या त्या. परत काढावा लागेल."

"कधी?"

"पुढच्या रविवारी."

तो विचार करत होता. "इथंच?"

"इथंच. याच भिंतीला."

"आक्का, तू हललीस?"

"हललो की रे." आक्का वळल्या. डोळे लाल होते, पण तोंड हसरं होतं. "वय झालं. श्वास धरवत न्हाई आता."

"मग परत यायला लागेल," हर्षद म्हणाला. ते कुणाला उद्देशून, मला नक्की कळलं नाही. तेवढ्यात भोंगा वाजला, "जगदाळे, पाच." सुहास धावत आले आणि आमच्या चौघांचे चेहरे बघून जागच्या जागी थांबले. "काय झालं?"

"काही नाही, पाच झाले," गार्गी म्हणाली आणि पूर्ण पंजा उघडून दाखवला.

आत आम्हाला खिडकीजवळचं टेबल मिळालं. ताटं यायला अजून वेळ होता. बाहेर एक पांढरी सुमो येऊन थांबली. हर्षदनं बघितलं. गार्गी "पन्नास" म्हणाली. मग तो म्हणाला, "आठ." आणि जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "मोजा तुम्ही. खरं मोजा."

आठ माणसं उतरली आणि कडेवर एक. मी "साडेआठ" म्हणाले. त्यानं मान हलवली. त्या दिवशी आक्का जेवल्या नाहीत फारसं. रश्श्यात भाकरी चुरून नुसत्या बसून राहिल्या होत्या, आणि दोन्ही पोरं माझ्या अंगावर वाकून खिडकीबाहेर बघत होती.

मला स्टँडवर सोडायला सुहास एकटेच आले. मी त्यांना म्हणाले, "हर्षदला आईचं काय झालं ते सांगा. त्याला समजेल असं सांगा. तो विचारतोय." त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "तुम्हाला फार ताटकळावं लागलं. मी आक्कांना म्हणत होतो, घरीच भेटू, नाहीतर दुसरीकडं कुठं तरी बसू. रविवारी एकच्या सुमाराला तिथं तास-दीड तास जातो, पोरं भुकेनं जीव खातात. तर त्या म्हणाल्या, म्हणूनच तिथं. घरी पोरं शहाण्यासारखी वागतील. भुकेली असली की खरी दिसतील, आणि ती बाईपण खरी दिसंल."

"आणि काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तू उठून जा. मी बघतो."

अडीचची गाडी केव्हाच गेली होती. मी चारच्या गाडीत बसले. भावाला संध्याकाळी हो म्हणून सांगितलं.

पुढच्या रविवारी आम्ही परत त्या भिंतीपाशी गेलो. लग्न जूनमध्ये झालं. दुसऱ्याच दिवशी आक्का पिशवी भरून कागलला आपल्या घरी जायला निघाल्या. मी पाय धरून राहा म्हणाले तर म्हणाल्या, "मी हितं असल्यावर ती तुझ्याकडं कशाला येतील? पंचमीला तू माझ्याकडं यायचं. माहेरला येतीस तसं." माझी आई मी दहावीत असताना गेलेली. पंचमीला मी गेले आणि त्या वर्षापासून जातच राहिले. मी त्यांना कधीपासून अगं-तुगं करायला लागले, ते मला आठवतही नाही.

चष्म्याचं नाव मात्र आम्ही दोघींनी कधीच काढलं नाही. मला दिसला हे आक्काला माहीत आहे का, हेही मला माहीत नव्हतं.

नऊ वर्षांनी, एका थंडीत, आक्काचा खोकला तीन आठवडे हटेना. मी आता कोल्हापुरातच कामाला होते. हर्षद तिला मोटारसायकलवरून घेऊन आला, मिसरूड फुटलेला, तिच्यापेक्षा हातभर उंच. तो काचेमागं थांबला. मी तिला गाऊन घालायला दिला, पाटीसमोर उभं केलं, खांदे पुढं घेतले. तिला सांगायची गरज नव्हती, तरी रोजच्या सवयीनं मी बोलून गेले, "गळ्यातलं काढून दे, आक्का. हात कमरेवर. कमरेला काही खोचलेलं नाही ना?"

ती पाटीकडं तोंड करून उभी होती. खोकला दाबत हसली.

"आज न्हाई," म्हणाली. "आज डोळ्यावरच हाय."

माझा बटणावर गेलेला हात थांबला. काचेमागून हर्षद खुणेनं विचारत होता, काय झालं. मी त्याला काही नाही म्हणून हात हलवला, डोळे पुसले आणि पुन्हा बटणाशी गेले.

"श्वास घे. रोख. हलायचं नाही."

"हललो तर?"

"परत काढावा लागेल. परत यावं लागेल माझ्याकडं."

"मग हलतो की जरा," आक्का म्हणाली.